ऊसतोडीच्या गावातील परसबाग

बीड जिल्ह्यातील हजारो कुटुंबे दसरा-दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला बाहेर पडतात व उन्हाळ्यातच परततात. त्यामुळे येथे परसबागेची आखणी करताना पाण्याइतकाच, मागे घरी कोण राहणार, हाही प्रश्न सर्वांनी मिळून सोडवावा लागतो. मृगाच्या पावसावर पेरलेली भेंडी-गवार दीड-दोन महिन्यांत तोडणीस येते. ती कर्त्या माणसांनी निघण्यापूर्वी खावी. शेवगा व कढीपत्ता मात्र मागे राहणाऱ्या आजी-आजोबांच्या आणि शाळकरी मुलांच्या भरवशावर लावावेत. न्हाणीचे सांडपाणी आळ्यात वळविले, की या झाडांसाठी घागर उचलावी लागत नाही. पालेभाजीला मात्र साबणाचे पाणी देऊ नये. शेळ्यांसाठी बाभळीच्या काट्यांचे कुंपण हवेच. शेवग्याची जागा आजीला विचारून ठरवावी. पौष-माघात आळे सावरणारी तीच असते.