नारळाच्या दुधाचे पाकीट घेताना

रविवारी पाहुणे येणार असले की घरात सोलकढी किंवा माशाची आमटी ठरते. पूर्वी त्यासाठी नारळ फोडा, खवा, वाटा, पिळा असा तासभराचा खटाटोप असे. आता दुकानात तयार पाकीट मिळते. वेळ वाचतो, हे चांगलेच. पण पाकीट घेताना आपण पुढचे चित्र पाहतो आणि मागचा बारीक मजकूर सोडून देतो. आपल्या तब्येतीशी संबंध असतो तो त्या मागच्या मजकुराचा.

आधी नावे समजून घेऊ. ‘कोकोनट मिल्क’ म्हणजे नारळाचे दूध. ‘कोकोनट क्रीम’ म्हणजे त्याचा दाट रस. कोडेक्स या आंतरराष्ट्रीय अन्नमानकानुसार दुधात किमान १० टक्के आणि क्रीममध्ये किमान २० टक्के स्निग्धांश हवा. ‘लाइट’ दुधात तो किमान ५ टक्के असतो. ‘क्रीम ऑफ कोकोनट’ हे नाव सारखे वाटले तरी वस्तू वेगळी आहे. त्यात भरपूर साखर असते. ते सरबते आणि गोड पदार्थांसाठी आहे, आमटीसाठी नाही. घरात कोणाला मधुमेह असेल तर हा फरक विसरू नये.

यातून एक फायद्याची गोष्ट निघते. २० टक्क्यांच्या क्रीममध्ये तेवढेच पाणी मिसळले की साधारण १० टक्क्यांचे दूध होते. म्हणजे २०० मिलीच्या एका क्रीमच्या पाकिटातून ४०० मिली दूध मिळते. दुकानात फक्त किमतीची तुलना करू नका. किती स्निग्धांशाला किती पैसे पडतात, ते पाहा. स्वस्त दिसणाऱ्या पाकिटात बरेचदा पाणीच जास्त असते.

आता हृदयाचा हिशेब. नारळातील स्निग्धांशापैकी जवळजवळ ९० टक्के संपृक्त असतो. २०० मिली क्रीममध्ये सुमारे ४० ग्रॅम स्निग्धांश, म्हणजे ३५ ग्रॅमच्या आसपास संपृक्त स्निग्धांश आला. दिवसाला २००० कॅलरी खाणाऱ्या माणसाने तो सुमारे २२ ग्रॅमच्या आत ठेवावा, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या शिफारशीवरून ठरते. पाकीट चौघांत वाटले तर प्रत्येकाच्या वाट्याला ९ ग्रॅम येतात. दोघांनीच संपवले तर १७-१८ ग्रॅम. दिवसभरातले तेल, तूप, दूध, मटण त्यात अजून धरलेलेच नाही.

काही पाकिटांवर ‘कोलेस्टेरॉल नाही’ असे ठळक छापलेले असते. ते खोटे नाही, कारण वनस्पतीजन्य पदार्थांत कोलेस्टेरॉल जवळजवळ नसतेच. पण संपृक्त स्निग्धांशामुळे आपल्या रक्तातले वाईट कोलेस्टेरॉल वाढते. म्हणून ज्यांना हृदयविकार आहे किंवा ज्यांचे कोलेस्टेरॉल वाढलेले आहे, त्यांनी या दोन शब्दांवर विसंबून रोज सोलकढी पिऊ नये. प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवावे.

पाकीट हातात घेतल्यावर एवढे पाहावे:

१. घटकांची यादी. ज्याचे प्रमाण जास्त ते आधी लिहिलेले असते. नारळ आधी की पाणी आधी, ते पाहा. यादी जितकी लहान तितके बरे.

२. साखर आहे का. स्वयंपाकासाठी बिनसाखरेचेच घ्या.

३. पावडर घेत असाल तर ‘सोडियम केसिनेट’ हा शब्द शोधा. ते गाईम्हशीच्या दुधातले प्रथिन आहे. दुधाची ॲलर्जी असलेल्या मुलाला ही पावडर चालणार नाही.

४. सल्फाइट किंवा मेटाबायसल्फाइट (क्रमांक २२३, २२४) आहे का. दम्याच्या काही रुग्णांना त्याचा त्रास होतो.

५. तारीख आणि डब्याचा आकार. फुगलेला, गळका किंवा सांध्यावर चेपलेला डबा सूट मिळाली तरी घेऊ नये. फुगलेल्या डब्यातले चाखूनही पाहू नये. त्यात जिवाला धोका असलेले विष तयार झालेले असू शकते.

वर घट्ट थर आणि खाली पाणी दिसले तर घाबरू नका. ते नासलेले नसते, थंडीत असे होतेच. हलवून किंवा थोडे कोमट करून वापरा. मात्र आंबट वास आला तर टाकून द्या. उरलेले दूध पत्र्याच्या डब्यात न ठेवता काचेच्या किंवा स्टीलच्या भांड्यात झाकून फ्रीजमध्ये ठेवा आणि दोन-तीन दिवसांत संपवा. आमटीत नारळाचे दूध शेवटी घालून आच मंद ठेवली तर ते फुटत नाही.

आणि वेळ असेल तेव्हा घरचा नारळ आहेच. त्यात पाण्याशिवाय काही मिसळलेले नसते. रस काढल्यावर उरलेला चोथा फेकू नका. त्यात चोथ्याचे, म्हणजे तंतूंचे प्रमाण चांगले असते. चटणीत किंवा थालीपिठाच्या पिठात तो छान जिरतो. पाकीट आणा किंवा नारळ फोडा, ताटात किती वाढायचे ते मात्र आपल्याच हातात आहे.