नवा पिचर पारखताना
(द्वितीय वर्ष, कला)

लहानपणापासून मी वडिलांबरोबर बैलबाजारात जात आलो आहे. विकणारा बैलाच्या पाठीवर थाप मारून सांगतो, "दोन हंगाम नांगराला चालला, कुठं अडला नाही." वडील दात पाहतात, खूर पाहतात, चार पावले चालवून बघतात आणि शेवटी विचारतात, "जोडीला कोण होता?" कारण जोडीचा बैल ताकदीचा असेल तर जुवाखालचा सगळा भार त्यानेच ओढलेला असतो, आणि याच्या नावावर मात्र दोन हंगाम जमा होतात.

अर्थशास्त्राच्या तासाला सांख्यिकीतील सरासरीचे प्रकरण चालू असताना मी अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉलची आकडेवारी वाचू लागलो, आणि तेथे मला हाच प्रश्न भेटला. हा खेळ आपल्याकडे फारसा खेळला जात नाही, म्हणून आधी थोडे त्याविषयी.

पिचर म्हणजे ढोबळमानाने आपला गोलंदाज. तो धावत येत नाही. मातीच्या उंचवट्यावर उभा राहून सुमारे साडेअठरा मीटरवरील फलंदाजाकडे तो टप्पा न पाडता चेंडू फेकतो. फलंदाजामागे कॅचर आणि मैदानात सात क्षेत्ररक्षक असतात. फलंदाजाचे तीन स्ट्राइक झाले की तो बाद. याला स्ट्राइक-आउट म्हणतात. चार चेंडू ठरलेल्या चौकटीबाहेर गेले, तर फलंदाजाला पहिला बेस फुकट मिळतो, तो वॉक. चेंडू कुंपणापलीकडे गेला की होम रन. सर्वांत वरच्या पातळीवर ३० संघ असून प्रत्येकाला एका मोसमात १६२ सामने खेळावे लागतात. संघ आपापसांत खेळाडूंची अदलाबदल करतात आणि पुष्कळदा ज्याची अदलाबदल व्हायची त्याला कोणी विचारतही नाही.

असा नवा पिचर संघात आला की पूर्वी लोक दोन आकडे पाहत. एक, त्याच्या नावावरचे विजय व पराभव. दुसरा, अर्जित धावांची सरासरी, म्हणजे दर नऊ डावांमागे त्याने दिलेल्या धावा; क्षेत्ररक्षकांच्या उघड चुकांमुळे गेलेल्या धावा यातून वगळतात. पहिल्या आकड्याबद्दल फार लिहायला नको. २०१८ साली न्यूयॉर्क मेट्सच्या जेकब डिग्रॉमची सरासरी १.७० इतकी अप्रतिम होती, पण विजय १० आणि पराभव ९. कारण त्याचा स्वतःचा संघच धावा काढत नव्हता. दुसरा आकडा अधिक फसवा आहे, कारण तो शहाणा दिसतो. क्षेत्ररक्षकाने चेंडू हातातून सोडला तर ती चूक मोजली जाते. पण तो मुळात मंद असून चेंडूपर्यंत पोहोचलाच नाही, तर चूक होत नाही. धाव मात्र पिचरच्या खात्यावर पडते.

२००१ साली व्होरोस मॅक्रॅकन याने एक लेख लिहून बरीच खळबळ उडवली. त्याचे म्हणणे थोडक्यात असे, की बॅटला लागून मैदानातच राहिलेल्या चेंडूचे पुढे काय होते यावर पिचरची सत्ता फार थोडी असते. तेथे क्षेत्ररक्षक, मैदान आणि दैव यांचे राज्य असते. स्ट्राइक-आउट, वॉक आणि होम रन हे तेवढे बहुतांशी त्याच्या स्वतःच्या हातचे. पुढे या मतात दुरुस्त्या झाल्या, पण मूळ मुद्दा टिकून राहिला. मला तर वाचताक्षणीच "जोडीला कोण होता?" आठवले.

हा मुद्दा दोन जुन्या उदाहरणांवर घासून पाहू. १३ जून १९८४ रोजी शिकागो कब्ज संघाने क्लीव्हलँडकडून रिक सटक्लिफ याला घेतले. त्या मोसमात तोवर त्याचे ४ विजय, ५ पराभव आणि सरासरी ५.१५. बदल्यात जो कार्टरसारखा होतकरू फलंदाज द्यावा लागला होता. पण शिकागोत सटक्लिफने १६ सामने जिंकले आणि एकच हरला, सरासरी २.६९. त्या वर्षी कब्ज संघ १९४५ नंतर प्रथमच मोसमोत्तर सामन्यांत पोहोचला आणि सर्वोत्तम पिचरचा साय यंग पुरस्कार सटक्लिफला एकमताने मिळाला.

आता त्याच्या हातचे आकडे पाहा. क्लीव्हलँडमध्ये सुमारे ९४ डावांत ५८ स्ट्राइक-आउट आणि ४६ वॉक. शिकागोत सुमारे १५० डावांत १५५ स्ट्राइक-आउट आणि ३९ वॉक. म्हणजे दर नऊ डावांमागे स्ट्राइक-आउट साडेपाचावरून नवाच्या वर गेले आणि वॉक जवळजवळ निम्म्यावर आले. माणूस खरोखरच वेगळा फेकू लागला होता. नव्या लीगमध्ये तेव्हा पिचरलाही फलंदाजी करावी लागे, त्यामुळे काही सोपे बळी मिळत, हे खरे. पण तेवढ्याने एवढा फरक पडत नाही. १९८२ मध्ये याच सटक्लिफने अमेरिकन लीगमधील सर्वांत कमी सरासरी राखली होती. तेव्हा ५.१५ हा त्या माणसाचा आकडा नव्हता. वाईट गेलेल्या दोन महिन्यांचा होता.

दुसरे उदाहरण याच्या नेमके उलट आहे. १२ ऑगस्ट १९८७ रोजी डेट्रॉइट टायगर्सनी अटलांटाकडून डॉइल अलेक्झांडर याला घेतले. वय ३६, अटलांटात ५ विजय, १० पराभव, सरासरी ४.१३. डेट्रॉइटला आल्यावर त्याने ११ सामन्यांची सुरुवात केली, ९ जिंकले आणि एकही हरला नाही. सुमारे ८८ डावांत अर्जित धावा अवघ्या १५, सरासरी १.५३. टायगर्सनी टोरोंटोला मागे टाकून गट जिंकला. गावात मिरवणूक निघावी असाच हा प्रकार.

पण हातचे आकडे? अटलांटात सुमारे ११८ डावांत ६४ स्ट्राइक-आउट व २७ वॉक. डेट्रॉइटमध्ये ४४ व २६. दर नऊ डावांमागे हिशेब केला, तर स्ट्राइक-आउट किंचित घटले आणि वॉक किंचित वाढले! होम रन त्या सात आठवड्यांत फारच थोडे बसले, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. परंतु इतक्या थोड्या डावांत तेही कमीजास्त होतेच. मोसमोत्तर मिनेसोटाविरुद्ध तो दोन्ही सामने हरला. १९८८ मध्ये सरासरी ४.३२, १९८९ मध्ये ४.४४ आणि १८ पराभव. त्यानंतर तो निवृत्त झाला. अलेक्झांडर बदललाच नव्हता.

त्याच्या बदल्यात डेट्रॉइटने दिला होता वीस वर्षांचा जॉन स्मोल्ट्झ. तो तेव्हा खालच्या पातळीवरच्या संघात ४ विजय, १० पराभव आणि ५.६८ अशा सरासरीने धडपडत होता. पुढे अटलांटाकडून त्याने १९९६ चा साय यंग पुरस्कार मिळवला, आणि २०१५ साली त्याला बेसबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. या सौद्याला लोक आजही हसतात. मला ते पटत नाही. डेट्रॉइटला त्या वर्षी गट जिंकायचा होता व तो त्यांनी केवळ दोन सामन्यांच्या फरकाने जिंकला. चूक झाली असेल तर ती ५.६८ या आकड्यामागचा मुलगा न पाहण्याची. आठवीत आमच्या शाळेत अर्धे वर्ष गणिताला शिक्षकच नव्हते. त्या वर्षीच्या माझ्या गुणांत माझे किती आणि रिकाम्या तासांचे किती, हे गुणपत्रिकेवर कोठेही लिहिलेले नाही. म्हणून की काय, मला स्मोल्ट्झचा तो आकडा पाहून हसू येत नाही.

आजचे संघ आणखी एक प्रश्न विचारतात: हा माणूस आमच्याकडे येऊन काय होऊ शकेल? २०१५ पासून प्रत्येक मैदानावर यंत्रे चेंडूचा वेग व फिरकी मोजत आहेत. जानेवारी २०१८ मध्ये ह्यूस्टनने पिट्सबर्गकडून गेरिट कोल याला घेतले. आदल्या मोसमात त्याची सरासरी ४.२६ होती आणि २०३ डावांत १९६ स्ट्राइक-आउट. वेग भरपूर होता, पण खाली बुडणारा चेंडू तो फार टाकी आणि नेमका तोच मार खाई. ह्यूस्टनमध्ये त्याने तो कमी केला, सरळ वेगवान चेंडू चौकटीच्या वरच्या भागात टाकला आणि वळणारा चेंडू वाढवला. २०१८ मध्ये सुमारे २०० डावांत २७६ स्ट्राइक-आउट झाले. २०१९ मध्ये ३२६. येथे आकडा नव्हे, आकड्याखालची सवय पारखली गेली. अर्थात अशा सुधारणा ज्यांच्यावर फसल्या त्यांची नावे कोणी लिहून ठेवत नाही.

आणि ज्याला मागचा आकडाच नाही, त्याचे काय? २००८ साली भारतात एक स्पर्धा घेऊन उत्तर प्रदेशातील रिंकू सिंह आणि दिनेश पटेल या दोन भालाफेकपटूंना निवडण्यात आले. चेंडू किती वेगाने आणि किती अचूक जातो एवढेच त्यात पाहिले होते. बेसबॉल त्यांनी त्यापूर्वी खेळलेलाही नव्हता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये पिट्सबर्गने दोघांशी करार केला. पटेलला २०१० मध्ये सोडण्यात आले. रिंकू अधिक टिकला. जुलै २००९ मध्ये त्याने खालच्या लीगमध्ये सामना जिंकला आणि अमेरिकेत व्यावसायिक सामना जिंकणारा तो पहिला भारतीय पिचर ठरला. पुढे दुखापतीने त्याला गाठले, आणि नंतर तो व्यावसायिक कुस्तीकडे वळला. दोघांपैकी कोणीही मेजर लीगपर्यंत पोहोचला नाही. त्यांच्या पारखीत जोडीच्या बैलाचा प्रश्न नव्हता. प्रश्न होता तो न लागलेल्या सवयींचा. अमेरिकन मुलगा दहा-बारा वर्षे ज्या सवयी अंगात मुरवतो, त्या या दोघांना विसाव्या वर्षाच्या आसपास थोड्या महिन्यांत शिकायच्या होत्या. तेवढ्यावर त्यांनी करार मिळवला आणि एकाने सामनेही जिंकले. वेग मोजणाऱ्या यंत्रावर यातले काही दिसण्यासारखे नव्हते.