सायकलवर काचतं? लाजू नका, नीट निवडा

ताईंनो,

गटाच्या बैठकीत आपण हप्ता, व्याज, थकबाकी यावर मोकळेपणाने बोलतो. पण सायकलवरून ४-५ किलोमीटर गेलं की जांघा सोलवटतात, बसायच्या जागी ठणकतं, हे मात्र कुणी बोलत नाही. मग सायकल पडवीत उभी राहते आणि बँकेत, बाजाराला, प्रशिक्षणाला जायचं तर कुणी सोडायला येतंय का, याची वाट बघावी लागते. म्हणून आजचा धडा याच विषयावर.

१) आधी सीट तपासा

याला पैसे लागत नाहीत. सीटवर बसून टाच पॅडलवर ठेवा. पॅडल अगदी खाली असताना पाय सरळ झाला, तर उंची बरोबर. चालवताना कंबर डावी-उजवीकडे झुलत असेल तर सीट उंच आहे, थोडी खाली घ्या. नव्याने शिकणारीने मात्र पाय जमिनीला टेकतील एवढीच उंची ठेवावी, मग हळूहळू वाढवावी. सीटचं टोक वर उचललेलं असेल तर नाजूक जागी दाब येतो, म्हणून सीट सपाट ठेवा. आपण पाठ ताठ ठेवून चालवतो, भार मागे येतो; त्यासाठी मागून रुंद सीट बरी.

२) पॅडची निकर निवडताना

सीट नीट करूनही त्रास होत असेल तर पॅडची निकर घ्या. हिच्यात बसायच्या जागी स्पंजची गादी शिवलेली असते. खेळाच्या सामानाच्या मोठ्या दुकानात किंवा ऑनलाइन मिळते. घेताना एवढं बघा:

- बायकांसाठीचीच घ्या. आपली बसायची हाडं साधारणपणे पुरुषांपेक्षा जास्त अंतरावर असतात, त्यामुळे गादी मागे रुंद हवी.
- रोजच्या थोड्या अंतराला पातळ गादी पुरते. जाड गादी गोळा होते, सलवारीतून दिसते आणि लवकर वाळतही नाही.
- गादीच्या मधोमध जाड शिवण नको. बोट फिरवून बघा. बोटाला टोचलं तर अंगालाही काचणार.
- माप अंगाबरोबर हवं. सैल असेल तर गादी सरकते, फार घट्ट असेल तर इलास्टिक रुततं.
- साडी नेसत असाल तर मांडी झाकणारी लांब निकर घ्या, म्हणजे मांडीला मांडी घासत नाही.

३) वापरताना

हिच्या आत दुसरी चड्डी घालायची नाही. आतल्या चड्डीची शिवणच काचते आणि गादीचा उपयोग राहत नाही. पाळीचं पॅड गादी म्हणून लावू नका. ते सरकतं, त्याच्या कडा घासतात. पोहोचल्यावर घामट निकर दिवसभर अंगावर ठेवू नका. बदलायची सोय असेल तर पिशवीत एक साधी चड्डी असू द्या.

४) धुताना आणि वाळवताना

एकदा घातली की धुवायचीच. साधं पाणी, थोडा साबण, आणि साबण पूर्ण निघेपर्यंत खळबळा. गादी पिळू नका, दाबून पाणी काढा. मग उलटी करून गादी वर येईल अशी वाळत घाला. आपण आतले कपडे साडीखाली लपवून वाळवतो, ते ओलसर राहतात आणि तिथूनच खाज, नायटा सुरू होतो. ऊन-वारा लागू द्या, यात लाज कसली! पावसाळ्यासाठी दोन निकर असाव्यात. एकमेकींची निकर मात्र वापरू नका.

जखम झाली, खाज थांबत नसेल, अंगावरून दुर्गंधीचं पाणी जात असेल किंवा बधिरपणा राहत असेल, तर सायकल थांबवा आणि आशाताईंशी बोला किंवा आरोग्य केंद्रात दाखवा.

पुढच्या बैठकीसाठी: गटात कितीजणींनी सायकल सोडली आणि कशामुळे, हे विचारा. ज्या सायकली आहेत त्यांच्या सीटची उंची तिथेच तपासा. पाना घेऊन यायला विसरू नका!