वेबसाईटचा टॅग : गिऱ्हाईक मोजा, त्याचा माग देऊ नका

गोंदियाच्या बाजारात धानाचा, किराण्याचा किंवा कापडाचा धंदा करणाऱ्याला उधारीच्या वहीचे महत्त्व सांगावे लागत नाही. एकाचे पान दुसऱ्याला दाखवायचे नाही, हा नियम कोणी लिहून दिलेला नाही. तरी तो पाळला जातो. कोणाच्या घरी लग्न ठरले, कोणाची ओढाताण चालू आहे, कोणी दवाखान्यासाठी उसने नेले, हे दुकानदाराला शेजाऱ्याच्या आधी कळते आणि त्याच्याजवळच राहते. ग्राहकाची ती अमानत असते.

आता आमचे अनेक व्यापारी बंधू व कारागीर दुकानाची वेबसाईट काढू लागले आहेत. आमगाव, तिरोडा, देवरीचाच नव्हे, तर बालाघाट, राजनांदगाव, नागपूरचा ग्राहकही त्यावर माल पाहतो. ही चांगली गोष्ट आहे. परंतु या वेबसाईटवरही एक वही आपोआप लिहिली जाते आणि ती वही दुकानदाराच्या गल्ल्यात नसते, तिऱ्हाइताच्या हाती असते. त्या वहीचे पान कोणाला दाखवावे आणि कोणाला नाही, हे ठरवण्याची किल्ली मात्र दुकानदाराजवळ आहे. ती किल्ली कोठे आहे, एवढेच या लेखात पाहू.

टॅग म्हणजे वेबसाईटच्या पानात घातलेल्या काही ओळी. वाचणाऱ्याला त्या दिसत नाहीत. पान उघडले की त्या ग्राहकाच्या मोबाईलवर चालू होतात आणि गुगलकडे, किंवा फेसबुक-इन्स्टाग्रामची मालक असलेल्या मेटा कंपनीकडे निरोप पाठवतात : कोणते पान पाहिले, किती वेळ पाहिले, कोठून आला, मोबाईल कोणता, गाव साधारण कोणते. तोच मोबाईल पुन्हा आला तर ओळखू यावा म्हणून त्यात एक छोटी खूण ठेवली जाते, तिला कुकी म्हणतात. ही कुकी 1994 साली नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी काढली. गुगलने 2005 साली अर्चिन ही कंपनी विकत घेतली आणि त्याच वर्षी वेबसाईटच्या मोजणीची सोय सर्वांना फुकट करून दिली. फुकटची वस्तू देणारा ती कशासाठी देतो, हा प्रश्न इतरांना न पडला तरी व्यापाऱ्याला पडायला हवा.

टॅग दोन कामे करतो आणि ही दोन वेगळी आहेत, हे ध्यानात ठेवावे. पहिले काम मोजणीचे. आज किती माणसे आली, कोणता माल जास्त पाहिला, वेबसाईटवरून फोन किती आले. हे दुकानदाराला हवेच असते. दुसरे काम जाहिरातीचे. ज्याने जो माल पाहिला त्याला तोच माल पुढे कित्येक दिवस दुसऱ्या वेबसाईटवर, बातम्यांच्या पानावर, व्हिडिओच्या आधी दाखवत राहणे. यालाच जाहिरातीचे पर्सनलायझेशन म्हणतात. अनेकांचा समज असा की मोजणी हवी तर हे दुसरेही घ्यावेच लागते. तसे मुळीच नाही.

दुसऱ्या कामाने बिघडते काय? आमच्या घरांतून एक मोबाईल तीन-चार माणसे वापरतात, हे कोणाला सांगायला नको. समजा, देवरीकडच्या एका बाईने रात्री युनानी औषधांच्या वेबसाईटवर मूल होत नसल्याबद्दलचे पान वाचले. कोणाला विचारले नाही, फोनही केला नाही. दुसऱ्या दिवशी तोच मोबाईल दिराच्या हातात असताना क्रिकेटच्या बातमीशेजारी त्याच औषधाची जाहिरात आली, तर तिचे गुपित कोणी फोडले? गुगलने नव्हे. ज्या दुकानदाराने टॅग लावला आणि सेटिंग पाहिले नाही, त्याने. उमऱ्याच्या सहली नेणाऱ्याचे, बुरखे व अत्तरे विकणाऱ्याचे, स्थळे सुचवणाऱ्याचेही असेच आहे. तेथे नुसते पान उघडले, एवढ्यावरून माणसाचा धर्म, प्रकृती, घरातील अडचण कळून येते. तांदळाच्या व्यापाऱ्याला हा धोका कमी. एचएमटी तांदूळ पाहिला म्हणून कोणाचे काही उघडे पडत नाही.

हा धोका कल्पनेतला नाही. 2020 च्या नोव्हेंबरात अमेरिकेतील मदरबोर्ड या नियतकालिकाने मुस्लिम प्रो या नमाजाच्या वेळा दाखवणाऱ्या अ‍ॅपबद्दल बातमी दिली. जगभरात कोट्यवधी लोकांनी घेतलेले हे अ‍ॅप. वापरणारा कोठे आहे, ही माहिती त्यातून एक्स-मोड या कंपनीला जात होती आणि तिच्याकडून ती खासगी ठेकेदारांमार्फत अमेरिकी लष्करापर्यंत पोहोचत होती. अ‍ॅपवाल्यांनी लष्कराला थेट विक्री केल्याचे नाकारले, आणि एक्स-मोडशी संबंध तोडले. पुढे 2024 च्या जानेवारीत अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक्स-मोड व तिच्या जागी आलेल्या आऊटलॉजिक या कंपनीला, दवाखाने व प्रार्थनास्थळे अशा नाजूक ठिकाणांची माहिती विकण्यास मनाई केली. तेथे अ‍ॅप होते, आपल्याकडे वेबसाईट आहे. परंतु रीत तीच. दुसऱ्याच्या चार ओळी आपल्या मालात घालायच्या आणि त्या काय नेतात हे पाहायचे नाही.

आमच्या बाबतीतही हेच झाले, हे कबूल केलेले बरे. आमच्या छोट्या वेबसाईटचे काम एका ओळखीच्या मुलाने करून दिले होते. बऱ्याच दिवसांनी तपासले तर तीन टॅग निघाले. एक बंद पडलेला, एक चालू आणि तिसरा अशा कंपनीचा, जिच्याकडे आम्ही एका रुपयाची जाहिरात कधी दिली नव्हती. खाते कोणाच्या नावावर? त्या मुलाच्या ईमेलवर. म्हणजे दुकान आमचे आणि वही त्याच्या घरी. त्याचा हेतू वाईट नव्हता. एका वेबसाईटचा साचा दुसऱ्याला वापरला, एवढेच. तेव्हा सेटिंगच्या भानगडीत पडण्याआधी वेबसाईट करणाऱ्याकडून दोन गोष्टी मागून घ्याव्यात : पानावर असलेल्या सर्व टॅगांची यादी आणि प्रत्येक खात्याचा अ‍ॅडमिन हक्क आपल्या ईमेलवर.

यादी हाती आली की टॅगच्या क्रमांकाची सुरुवातीची अक्षरे पाहावीत. यूए या अक्षरांनी सुरू होणारा टॅग गुगलची जुनी मोजणी. ती 1 जुलै 2023 पासून बंद झाली आहे. तो टॅग काढून टाकावा, ठेवून काही मिळत नाही. जी या अक्षराने सुरू होणारा आजच्या मोजणीचा. एडब्ल्यू असेल तर तो गुगलच्या जाहिरातीचा. जीटीएम असेल तर ती पेटी समजा. तिच्या आत आणखी टॅग असतात, म्हणून पेटी उघडून दाखवायला सांगावे.

आता मुख्य सेटिंग. गुगल अ‍ॅनालिटिक्सच्या खात्यात अ‍ॅडमिनमध्ये 'डेटा कलेक्शन' नावाचे पान आहे. (गुगल पानांची जागा अधूनमधून हलवते, नाव मात्र शोधल्यावर सापडते.) त्यात 'गुगल सिग्नल्स' हे बटण असते. ते चालू असेल, तर जे ग्राहक आपल्या मोबाईलवर गुगलमध्ये साइन-इन असतात आणि ज्यांनी गुगलला जाहिरातीची परवानगी दिलेली असते, त्यांचे आपल्या वेबसाईटवरील येणे त्यांच्या गुगल खात्याशी जोडले जाते. हे मुळात बंद असते, पण वेबसाईट करणारा ते पुष्कळदा चालू करून ठेवतो. बंद करावे. त्याच पानावर खाली अ‍ॅड्स पर्सनलायझेशनची देशवार यादी आहे. तेथे सुरुवातीला सर्व देशांना मुभा दिलेली असते. मोजणीचे खाते जाहिरातीच्या खात्याला जोडले की या मुभेचा उपयोग सुरू होतो. भारत त्या यादीत शोधून बंद करावा. परदेशात ग्राहक नसेल तर सगळेच बंद केले तरी चालते. मोजणी पूर्वीप्रमाणेच चालू राहते. किती आले, काय पाहिले, हे सर्व दिसते. फक्त त्यांना पाठलाग करणाऱ्या जाहिरातींच्या यादीत घालता येत नाही. मात्र आधी जे गेले ते परत येत नाही. बंद केल्यापासून पुढचेच थांबते.

हेच काम टॅगच्या ओळीतूनही होते, आणि एडब्ल्यूचा टॅग असेल तर ओळीतूनच केलेले बरे. वेबसाईट करणाऱ्याला सांगावे की 'अलाऊ अ‍ॅड पर्सनलायझेशन सिग्नल्स' हे, शब्दांच्या मध्ये खालची रेघ देऊन, 'फॉल्स' करून टाक. ही ओळ टॅगच्या 'कॉन्फिग' ओळीच्या आधी आली पाहिजे. मागाहून लिहिली तर पहिला निरोप तोवर निघून गेलेला असतो. आमच्या पाहण्यात ही चूक वारंवार येते.

मेटाच्या पिक्सेलमध्ये एक गोष्ट जास्त जपावी. त्याच्या इव्हेंट्स मॅनेजरमध्ये 'ऑटोमॅटिक अ‍ॅडव्हान्स्ड मॅचिंग' असे बटण असते. ते चालू असेल तर ग्राहक ऑर्डरच्या फॉर्ममध्ये जो मोबाईल नंबर, ईमेल, नाव लिहितो ते पिक्सेल उचलतो आणि सांकेतिक रूपात मेटाकडे पाठवतो. सांकेतिक म्हणजे सुरक्षित, असे कोणी समजावले तर मान डोलवू नये. मेटाकडे तोच नंबर आधीपासून असतो. त्याचेही तसेच सांकेतिक रूप करून दोन्ही ताडून पाहिले की माणूस सापडतो. सापडावा यासाठीच तर ती सोय आहे. मेटाने 19 जानेवारी 2022 पासून जाहिरातदारांना धार्मिक आचारासंबंधीच्या तयार याद्यांवरून ग्राहक निवडण्याची सोय काढून घेतली, आणि गुगलचे नियमही धर्मश्रद्धा व आजारपण यांवरून अशा याद्या करू देत नाहीत. परंतु आपल्या वेबसाईटवर आलेल्यांची यादी आपणच केली, तर ती कसली यादी आहे हे कंपनीला आपोआप कळतेच असे नाही. नियम मोडल्याचे लक्षात आले की जाहिरात नाकारली जाते, खाते बंद पडते, ते वेगळेच.

फॉर्मबद्दल आणखी एक. काही वेबसाईटवर फॉर्म भरल्यावर पुढच्या पानाच्या पत्त्यातच ग्राहकाचा फोन नंबर येतो. टॅग पानाचा पत्ता जसाच्या तसा पाठवतो, म्हणजे नंबरही गेला. नाव, नंबर असे पाठवू नये, अशी गुगलचीच अट आहे. स्वतः एकदा खोटी ऑर्डर भरून वरचा पत्ता वाचून पाहावा.

आता संमतीची पट्टी. 'आम्ही कुकी वापरतो, मान्य आहे?' अशी पट्टी बऱ्याच वेबसाईटवर येते. तिच्यात आणि टॅगमध्ये जोडणी नसेल तर ती नुसती शोभेची. ग्राहक 'नाही' म्हणण्याच्या आतच टॅग आपले काम करून मोकळा होतो. यासाठी गुगलने 2020 मध्ये कन्सेंट मोड आणला. त्यात आता चार परवानग्या आहेत : जाहिरातीची कुकी, मोजणीची कुकी, ग्राहकाची माहिती जाहिरातीसाठी पाठवणे, आणि पर्सनलायझेशन. शेवटच्या दोन 2023 च्या अखेरीस युरोपच्या कायद्यामुळे जोडल्या गेल्या. चारही सुरुवातीला 'नकार' ठेवाव्यात आणि ग्राहकाने 'हो' म्हटल्यावरच जी हवी ती उघडावी. आमच्या मते गोंदियाच्या दुकानाला पहिली, तिसरी आणि चौथी कधीच उघडण्याची गरज पडत नाही. ज्याचा ग्राहक आठ तालुक्यांत आणि शेजारच्या दोन राज्यांच्या सीमेवर आहे, त्याला मोजणी पुरते. ग्राहक कमी होईल ही भीती काहींना वाटेल. पाठलाग करणाऱ्या जाहिरातीने विक्री वाढते हे आम्ही नाकारत नाही. लग्नाच्या कपड्यांच्या मोठ्या दुकानाला ती हवीशी वाटू शकते. त्याने खुशाल करावी, पण ग्राहकाला आधी विचारून आणि कपड्यांच्याच पानावर.

कायद्याचे म्हणाल, तर सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. त्याचे नियम 2025 च्या नोव्हेंबरात निघाले आणि सूचना व संमतीच्या मुख्य तरतुदींना तेथपासून 18 महिन्यांची मुदत आहे. संमती स्पष्ट हवी, ती मागे घेणे देण्याइतकेच सोपे हवे, आणि सूचना इंग्रजीत किंवा घटनेच्या आठव्या अनुसूचीतील भाषेत वाचण्याची सोय हवी. म्हणजे मराठीत आणि उर्दूतही. 18 वर्षांखालील मुलांचा माग ठेवण्यास व त्यांना नेम धरून जाहिरात दाखवण्यास या कायद्याने मनाई केली आहे, दंड 200 कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. खेळणी, शाळेचे दप्तर, शिकवणी यांच्या वेबसाईटवाल्यांनी हे विशेष ध्यानात घ्यावे.

एका गोष्टीकडे मात्र फार थोड्यांचे लक्ष गेले आहे. 2019 च्या विधेयकात धर्मश्रद्धा, आरोग्य अशी माहिती 'संवेदनशील' म्हणून वेगळी काढली होती. युरोपच्या कायद्यातही ती वेगळी आहे. 2023 च्या कायद्यात असा वेगळा वर्गच उरलेला नाही. तांदूळ पाहणाऱ्याची माहिती आणि उमऱ्याचे पान पाहणाऱ्याची माहिती, दोन्हींना एकच माप. म्हणजे ग्राहकाच्या धर्माची किंवा आजाराची जादा काळजी घेण्याचे काम कायद्याने दुकानदाराच्या शहाणपणावर सोडले आहे.

सेटिंग करून झाल्यावर वेबसाईट करणाऱ्याच्या शब्दावर विसंबू नये. गुगलचे टॅग असिस्टंट हे साधन फुकट आहे. त्यात आपल्या वेबसाईटचा पत्ता टाकला की कोणता टॅग केव्हा चालू झाला हे ओळीने दिसते आणि 'कन्सेंट' नावाच्या भागात चार परवानग्यांपुढे नकार की होकार हे वाचता येते. पट्टीवर काहीही न दाबता पाहावे, मग 'नाही' दाबून पाहावे. वेबसाईटचा साचा बदलला किंवा नवा माणूस कामाला लावला की हे पुन्हा करावे, कारण नव्या साच्यात जुनी ओळ राहून जाते. ज्यांची वेबसाईटच नाही, नुसत्या व्हॉट्सअ‍ॅपवर मालाचे फोटो टाकतात, त्यांच्याकडे बदलण्यासारखा टॅग नाही. त्यांनी ग्राहकांचे नंबर कोणा जाहिरातवाल्याला काढून दिले नाहीत, की झाले.