सायकली मागे, पण फरक पुढे!

युरोपात सुटीच्या दिवसांत मागे सायकली लावून निघालेल्या कुटुंबांच्या व्हॅन तुम्ही चित्रांत पाहिल्या असतील. व्हॅनच्या सांगाड्याला बोल्टांनी एक पोलादी दांडा जोडतात. त्याच्या टोकाशी ५० मिलिमीटर व्यासाचा गोळा असतो. सायकलींची चौकट त्या गोळ्यावर घट्ट बसवतात.

समजा, प्रत्येकी १५ किलोग्रॅमच्या तीन सायकली आणि तेवढ्याच वजनाची चौकट, म्हणजे एकूण भार ६० किलोग्रॅम. मग मागच्या चाकांवर ६० किलोग्रॅम भार वाढेल ना? नाही! व्हॅन ही येथे तरफ आहे आणि मागची चाके हा टेकू. भार टेकूच्या दीड मीटर मागे आहे; पुढची चाके तीन मीटर पुढे. ६० × १.५ = ९०; त्याला ३ ने भागले की ३०. म्हणजे पुढच्या चाकांवरचा भार ३० किलोग्रॅमने घटतो आणि मागच्या चाकांवरचा ९० किलोग्रॅमने वाढतो.

गाडी वळते ती पुढच्या चाकांमुळे, आणि ब्रेक लावताना मोठे काम तीच करतात. त्यांची पकड सुटली तर अपघात ठरलेला. म्हणून गोळ्यावर किती भार चालेल, हे कारखानदार आधीच ठरवून देतात. सर्वांत जड सायकल गाडीलगत लावतात, तीही याच गणिताने.

करून पाहा : दोन पेन्सिलींवर फूटपट्टी अशी ठेवा की तिचे एक टोक बरेच बाहेर राहील. त्या टोकावर एकेक नाणे ठेवा. पट्टी दुसऱ्या पेन्सिलीवरून उचलली गेली, की तीच नाणी टेकूजवळ सरकवा. काय दिसते?