भांडवलावाचून रत्नांच्या बाजारात

मुलाने किंवा मुलीने भूगर्भशास्त्र अथवा पदार्थविज्ञान घेऊन पदवी संपादन केली आणि पुढे आपणांस रत्नशास्त्राचा अभ्यास करावयाचा आहे असे घरी सांगितले, म्हणजे मध्यमवर्गीय मराठी आईबापांच्या मनात जी धास्ती उत्पन्न होते ती अगदीच अनाठायी नसते; कारण हिरे-माणकांचा व्यापार हा पालनपूर आणि काठेवाडाकडील पिढीजात पेढ्यांचा, नात्यागोत्यांतील विश्वासावर चालणाऱ्या उधारीचा आणि आपल्या कल्पनेबाहेरच्या भांडवलाचा प्रांत आहे, ही आपली समजूत बव्हंशी खरी आहे. तथापि ह्याच प्रांतात एक खाते असे आहे की, जेथे उमेदवाराच्या आजोबांची पेढी कोणत्या गल्लीत होती याची चौकशी होत नाही. ते खाते म्हणजे रत्नपरीक्षेची प्रयोगशाळा. तेथे ज्ञान हेच भांडवल मानले जाते, आणि ते का मानले जाते हे नीट उमगल्यावाचून या मार्गाविषयी ‘हो’ म्हणणे किंवा ‘नाही’ म्हणणे, दोन्ही उतावळेपणाचे ठरेल.

आपल्याकडे ही विद्या पुरातन आहे. राजकोशात जमा करावयाच्या रत्नांची परीक्षा कशी करावी हे कौटिल्याने ‘अर्थशास्त्रा’त स्वतंत्र प्रकरणात सांगितले, आणि वराहमिहिराच्या ‘बृहत्संहिते’तही हिरा, मोती, माणिक व पाचू यांची लक्षणे आली आहेत. मात्र त्या परीक्षेचे गृहीत असे होते की, रत्न घडविणारा निसर्गच. लबाडी होईल ती त्याच्या जागी काच किंवा हलका खडा पुढे करून. हे गृहीत विसाव्या शतकाच्या आरंभी कोलमडले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ व्हर्नुई याने १९०२ साली ज्योतीत वितळविलेल्या भुकटीपासून माणिक तयार करण्याची रीत जाहीर केली, आणि त्या माणकाची घनता, काठिण्य, अपवर्तनांक ही सारी खऱ्या माणकाचीच होती. भेद उरला तो एवढाच की, सूक्ष्मदर्शकाखाली त्याच्या वाढीच्या रेषा सरळ न दिसता वक्र दिसत. पुढे १९२१ च्या सुमारास जपानच्या मिकिमोतोचे संवर्धित मोती लंडनच्या बाजारात आले, तेव्हा तेथील व्यापाऱ्यांचे धाबे दणाणले. इराणच्या आखातातील मोत्यांची मोठी उलाढाल ज्या मुंबईत होत असे, तिच्याही पोटात यामुळे गोळा आला असल्यास नवल नाही.

या भीतीतूनच १९२५ साली लंडनच्या हॅटन गार्डन भागात व्यापाऱ्यांच्या मंडळाने एक प्रयोगशाळा उघडली आणि बेसिल अँडरसन नावाच्या तरुण शास्त्रज्ञाच्या हाती ती सोपविली. तेथे भोक पाडलेल्या मोत्यात आरशांची बारीक पोकळ सुई घालून आत प्रकाश सोडीत: खऱ्या मोत्याचे थर गोलाकार असल्यामुळे प्रकाश त्यांतून वळसा घेऊन परत आरशावर येई, तर संवर्धित मोत्याच्या पोटातील शिंपल्याच्या मण्यात तो सपाट थरांबरोबर सरळ निघून जाई. व्यापाऱ्यांनी ही संस्था स्वतः होऊन उभारली, हे ध्यानात ठेवण्याजोगे आहे. विकणारा आणि घेणारा या दोघांच्याही शब्दावर विसंबता येईना, तेव्हा विक्रीशी ज्याचा काडीचाही संबंध नाही अशा तिऱ्हाईताचा दाखला त्यांना हवासा झाला.

दाखल्याच्या आधी मात्र शिक्षण आले होते. ब्रिटनमध्ये जवाहिऱ्यांसाठी रत्नशास्त्राच्या परीक्षा १९१३ पासूनच सुरू होत्या; अमेरिकेत रॉबर्ट शिप्ले याने १९३१ साली लॉस एंजेलिस येथे जी संस्था काढली आणि जी आज ‘जीआयए’ या आद्याक्षरांनी जगभर ओळखली जाते, तिचा आरंभ दुकानदारांना शिकविण्यापासून झाला, १९३४ पासून तिने संशोधनाचे नियतकालिक चालविले, आणि हिऱ्याच्या रंगाची आज सर्वमान्य असलेली ‘डी’ ते ‘झेड’ ही श्रेणी १९५३ मध्ये त्या अध्यापनातूनच निघाली. आपल्याकडेही मुंबईची जेमॉलॉजिकल इन्स्टिट्यूट १९७१ ची आणि रत्न व आभूषण निर्यात परिषदेने जयपुरात उघडलेली परीक्षणशाळा १९७२ ची.

संशोधन हे या शाळांचे ऐश्वर्य नसून त्यांच्या जिवाची गरज आहे, हे एका प्रकरणावरून स्पष्ट होते. २००१ च्या अखेरीपासून थायलंडमधून नारिंगी-गुलाबी छटेचे नीलवर्गीय खडे बाजारात एकाएकी विपुल येऊ लागले. ही छटा निसर्गात दुर्मीळ, म्हणून मोल मोठे. आणि केवळ भाजून रंग सुधारलेले खडे समजून काही प्रयोगशाळांनी प्रारंभी त्यांना दाखलेही दिले. परंतु खडा द्रवात बुडवून पाहिला असता रंगाची कड त्याच्या पैलूंच्या आकाराप्रमाणे चालत असलेली अनेकांत आढळली, याचा अर्थ पैलू पाडल्यानंतर रंग बाहेरून आत शिरला होता. शिरले होते ते बेरिलियम: अत्यंत उच्च तापमानाच्या भट्टीत क्रिसोबेरिल या बेरिलियमयुक्त खनिजाच्या सान्निध्यात आलेले इतके हलके मूलद्रव्य, की क्ष-किरणांच्या नेहमीच्या यंत्रास त्याचा पत्ताच लागत नव्हता. लेसरने खड्याचा सूक्ष्म कण उडवून वस्तुमानवर्णपटाने तपासल्यावर दशलक्षांत काही भाग एवढे बेरिलियम हाती लागले. २००३ साली या विषयावर जीआयएच्या त्रैमासिकात पन्नासएक पानांचा प्रबंध प्रसिद्ध झाला, आणि जी गोष्ट एखाद्या पेढीने आपले गुपित म्हणून दडवली असती ती कोणाही विद्यार्थ्यास वाचावयास मोकळी झाली.

दैनंदिन काम याहून पुष्कळच संथ असते. तांबडा खडा आला की रिफ्रॅक्टोमीटरवर १.७६२ ते १.७७० असे दुहेरी वाचन मिळाले तर माणिक कुळातला आणि १.७१८ च्या आसपास एकच मिळाले तर स्पिनेल. ब्रिटिश राजमुकुटातील ‘ब्लॅक प्रिन्सचे माणिक’ शतकानुशतके माणिक म्हणून मिरवले, ते वस्तुतः स्पिनेलच. त्यापुढे खडा नैसर्गिक की कृत्रिम, भाजलेला की न भाजलेला, चिरांत तेल किंवा शिसेयुक्त काच भरली आहे काय, अशी शहानिशा चालते. हिऱ्याची प्रतवारी करणाऱ्यांपुढे हिरा येतो तो मालकाच्या नावाशिवाय, आणि एकाहून अधिक परीक्षक तो स्वतंत्रपणे पाहतात. प्रयोगशाळेत वाढविलेल्या हिऱ्यांनी तर या कामास आता नवीच निकड आणली आहे: रासायनिक वाफेतून वाढविलेला हिरा रसायनदृष्ट्या हिराच असतो, भिंगाने तो बहुधा ओळखू येत नाही, वर्णपटाची आणि प्रकाशदीप्तीची यंत्रे लागतात, आणि ती चालविणारा मनुष्य केवळ कसबी असून भागत नाही, त्यास पदार्थविज्ञान यावे लागते. या हिऱ्यांच्या संशोधनासाठी केंद्र सरकारने २०२३ साली मद्रासच्या आयआयटीस पाच वर्षांचे अनुदान मंजूर केले, ही बाब चिंतातुर पालकांनी नोंदवून ठेवावी.

आता प्रवेशाचा तपशील. ज्याला संशोधनाकडे जावयाचे आहे त्याने भूगर्भशास्त्र, पदार्थविज्ञान किंवा रसायनशास्त्र यांत एम.एस्सी. करावे, पुणे व मुंबई विद्यापीठे आहेतच, आणि पवईच्या आयआयटीत उपयोजित भूगर्भशास्त्राचा अभ्यासक्रमही आहे. प्रतवारी, खरेदी-विक्री, मूल्यांकन किंवा निर्यातपेढीतील नोकरी हे उद्दिष्ट असेल तर पदविका पुरते, मग ती निर्यात परिषदेच्या आयआयजीजे संस्थांची असो, जीआयएची असो वा ब्रिटनच्या एफजीएची. जीआयएच्या अखेरच्या प्रात्यक्षिक परीक्षेत वीस खडे ओळखावयास देतात आणि विसांपैकी वीस बरोबर आल्याखेरीज उत्तीर्ण करीत नाहीत. एकोणीस बरोबर आले याचे जेथे कौतुक नाही, अशा परीक्षेस बसण्याचा स्वभाव सर्वांचा नसतो, आणि माझ्या मते हुशारीपेक्षा हा स्वभावच पालकांनी आपल्या पाल्यात आधी शोधावा. तासन् तास बारीक पाहण्याची तयारी, आणि नीट ठरत नसेल तर ‘ठरत नाही’ असे लिहिण्याचे धैर्य त्याच्या अंगी हवे. शिवाय रंगांधतेची तपासणी नेत्रवैद्याकडून अगोदरच करून घ्यावी; रंगांधता असल्यास रंगप्रतवारीचे काम करता येणार नाही.

दोन इशारे देणे भाग आहे. राशीच्या खड्यांच्या दुकानामागे एक सूक्ष्मदर्शक ठेवून आपणच विकलेल्या पुष्कराजाला आपणच दाखला देणाऱ्या ‘प्रयोगशाळा’ शहरोशहरी आढळतात. तेथील उमेदवारी मुलाला काही शिकविणार नाही, उलट त्याची इभ्रत मात्र खर्ची घालील. दुसरे असे की, परदेशी पदविकांची फी लाखांच्या घरात जाते आणि प्रमाणपत्राबरोबर नोकरीची हमी मिळत नाही. नामांकित प्रयोगशाळांतील जागा मोजक्या, आणि आरंभीचे काम पुष्कळदा बारीक हिऱ्यांच्या छाननीचे व कंटाळवाणे असते. म्हणून आधी काही आठवड्यांचा एखादा लहान वर्ग करावा, दहापट मोठे दाखविणारे भिंग घेऊन दिवसाकाठी शंभर खडे पाहिल्यानंतरही एकशेएकावा पाहावासा वाटतो काय हे मुलाने स्वतःशीच पडताळावे, आणि बँकेकडे कर्जाचा अर्ज मग करावा.