अर्थिंगची तार किती जाडीची असावी?

नायगावच्या परिसरात खाडी व मिठागरे आहेत, तशाच विहिरींच्या पाण्यावर पोसलेल्या वाड्याही आहेत. पंप असो, घर असो वा दुकान, उपकरणाच्या पत्र्यात उतरलेली वीज जमिनीत नेणे हे अर्थिंगच्या तारेचे कार्य होय. ही तार बारीक असल्यास ऐन वेळी वितळते व पत्र्यास हात लावणाऱ्याच्या जिवावर बेतते.

जमिनीवरील तार : हिची जाडी फेजच्या तारेवरून ठरवावी. दोन्ही तारा एकाच धातूच्या असता, फेजची तार १६ चौरस मि.मी.पर्यंत असल्यास अर्थिंगची तार तेवढीच घ्यावी, १६ ते ३५ पर्यंत १६ ची, त्यापुढे निम्मी. म्हणजे पंपाची तार ४ ची असल्यास अर्थिंगचीही ४ ची, आणि दुकानाची मुख्य तार २५ ची असल्यास १६ ची लागेल. लोखंडी तार तांब्यापेक्षा लवकर तापते. म्हणून ती सुमारे पावणेतीन पट घ्यावी. तांब्याच्या ४ ऐवजी लोखंडाची ११ हवी. ८ गेजची तार सुमारे १३ भरते, ती चालेल. १० गेजची अपुरी पडते. तीन फेजच्या मोटारीस अशा दोन स्वतंत्र तारा जोडाव्यात.

जमिनीतील तार : खारी ओली माती वीज चांगली वाहून नेते, परंतु तीच लोखंड खाते. म्हणून भारतीय मानक ३०४३ प्रमाणे, गंजापासून संरक्षण नसलेली पुरलेली तार तांब्याची किमान २५ चौरस मि.मी. व जस्ताच्या मुलाम्याच्या लोखंडाची ५० असावी. येथे ८ गेजची तार पुरू नये. २५ × ३ मि.मी.ची पट्टी वापरावी.

तथापि केवळ जाड तारेवर विसंबू नये. जमिनीचा रोध २० ओहम असल्यास २३० व्होल्टला सुमारे साडेअकरा अँपिअर वीज वाहते. तेवढ्याने १६ अँपिअरचा फ्यूज वितळत नाही आणि पत्र्यात वीज तशीच राहते. यासाठी घर व दुकानात ३० मिलिअँपिअरचे गळतीरोधक स्विच बसवावे. पंपासही योग्य क्षमतेचे स्विच परवानाधारक तारतंत्र्याकडून बसवून घ्यावे.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी पावसाळा संपताच वीज बंद करवून अर्थिंगचे सांधे तपासून घ्यावेत, आणि जमीन सर्वांत कोरडी असते त्या वैशाखात रोध मोजवून घ्यावा. गंजलेला सांधा तसाच ठेवू नये.